१९११ ची बाळं उष्माघाताने गेली नाहीत

एक फॉरवर्ड फिरतोय की १९११ च्या उन्हाळ्यात इंग्लंडात हजारो तान्ही बाळं उष्माघाताने गेली. आकडा खरा आहे हो, दर हजारी बालमृत्यू १९१० ला १०५ होते ते १३० वर गेले, पण कारण चुकीचं सांगतायत. बहुतेक जादा मृत्यू जुलाबाचे होते. घोड्यांच्या लिदीवर वाढलेल्या माश्या, नासलेलं दूध, आणि ती दुधाची बाटली, तिला लांब रबरी नळी असायची, आतून घासताच यायची नाही, दूध तिथेच आंबायचं, वाचूनच कसंतरी होतं. लंडनच्या बॅटर्सीत तर १९०२ पासूनच पालिका बाळांसाठी निर्जंतुक दूध विकत होती, म्हणजे धोका दुधात आहे हे तेव्हाही माहीत होतं.