मागे फक्त कोन आहेत

परवा रविवारी मी पाच किलोमीटर पळाले. याचा पुरावा कुठेही नाही. निकालाच्या यादीत एकेचाळीस नावं आहेत, त्यांत माझं नाही. खाली आभाराची यादी आहे, तिच्यात आहे. वेळ लावणारे, पाणी देणारे, सामान सांभाळणारे, आणि सगळ्यांत शेवटी मी. नावापुढे लिहिलंय : 'कोन गोळा करणे'.

आज मंगळवार. मांड्या अजून दगडासारख्या आहेत. असं दुखणं लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐन भरात येतं, म्हणजे जेव्हा लोकांनी 'कसं झालं काल?' विचारायचं थांबवलेलं असतं तेव्हा. जिना चढताना एक वेळ चालतं, उतरताना जीव जातो. उतरताना म्हणे स्नायू लांबत लांबत वजन पेलतो, म्हणून. कारण कळल्यानं पायऱ्या कमी होत नाहीत. मी खेकड्यासारखी आडवी उतरते आणि समोरून कोणी आलं की फोनवर बोलत असल्याचं नाटक करते.

पळण्याचं खूळ माझं नव्हे. झोप लागेना, बारीकसारीक गोष्टींवरून मी घरच्यांच्या अंगावर जायला लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "हालचाल करा. आणि एकटीनं करू नका, चार माणसांत करा. निम्मं औषध तेच आहे." मैत्रिणीनं तिच्या गटात घातलं. ती स्वतः दोन रविवार आली आणि मग तिचा गुडघा दुखायला लागला. ज्या माणसानं तुम्हाला अशा गोष्टींत ओढलेलं असतं, त्याचा गुडघा नेहमी वेळेवर दुखतो.

गट तसा चांगला आहे, हे आधी सांगून टाकते. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली तेरा जणांनी मिळून पाच किलोमीटर पळायला सुरुवात केली, त्यातून पार्करन नावाची मोठी चळवळ उभी राहिली. फुकट, दर आठवड्याला, कोणीही या. आमचा गट त्यांचा नव्हे, आमची आपली घरगुती नक्कल. पण त्यांची एक पद्धत आम्ही उचललीय. सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक चालतो. त्याचं काम एवढंच, की शेवटचा नंबर त्यानं घ्यायचा. म्हणजे पळायला आलेल्या कोणालाही 'मी शेवटी आलो' असं म्हणायची पाळी येत नाही. किती माणुसकीची कल्पना आहे! तेरा जणांत तेरावं येणं मलाही जमलं असतं, पण हे त्याहून छान. मी फक्त या एका नियमाच्या भरवशावर बूट घेतले होते.

या रविवारी ते काम एका अकरा-बारा वर्षांच्या मुलाकडे होतं. मोठ्यांपैकी कोणी आलं नव्हतं आणि त्याची आई वेळ लावायला बसली होती. अंगात गुडघ्यापर्यंत येणारं नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी, आणि चेहऱ्यावर जबाबदारी. अडीच किलोमीटरच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत त्यानं माझ्यापासून अदबीनं अंतर ठेवलं. दुसरी सुरू झाली तसा तो शेजारी आला.

"काकू, तुम्ही पळताय की चालताय?"

"पळतेय."

"अच्छा." जरा वेळ शांतता. "मी चालतोय."

कुचेष्टेनं म्हणाला असता तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे तेवढा श्वास होता. पण तो नुसती नोंद करत होता, जसं आपण म्हणतो, आज ढग आहेत. मी मान वळवून पाहिलं. खरंच चालत होता. हात खिशात होते.

"नाही, आई म्हणाली, शेवटचा माणूस पळत असेल तर पळायचं, चालत असेल तर चालायचं. मला कळेना, म्हणून विचारलं."

मी वेग वाढवला. त्यानं हात खिशातून बाहेर काढले. माझ्या इतक्या खटाटोपाचा त्याच्यावर एवढाच परिणाम.

त्याला आणखी एक काम दिलेलं होतं. रस्त्यावर मांडलेले केशरी कोन, शाळेत आपण ज्याला शंकू म्हणायचो ते, शेवटचा माणूस पुढे गेला की उचलायचे. विचार करा. मी पुढे जातेय आणि माझ्या मागे शर्यत गुंडाळली जातेय. सतरंजी काढायला आलेला माणूस तुमच्या मागे उभा असताना कीर्तन ऐकल्यासारखं.

वळणावर मला पुढचं काही दिसेना. घाम डोळ्यांत गेला होता. मी विचारलं, "पुढे कोणी दिसतंय का रे?"

"कोन आहे."

"कोण?"

"कोन."

"अरे, पण कोण?"

"कोन, काकू, कोन! केशरी!"

न आणि ण यांतला फरक शाळेत छडी खाऊन शिकले होते. तिसऱ्या किलोमीटरनंतर तो ऐकू येत नाही.

मग त्याला माझ्या तब्येतीची काळजी वाटायला लागली. आईनं त्याला तेही शिकवून पाठवलं होतं आणि शिकवण बरोबर आहे, मी नंतर खात्री करून घेतली. बोलता येतंय पण गाता येत नाही, तर वेग मध्यम. गाता येतंय, तर फार आरामात चाललंय. दोन-चार शब्दांनंतरच श्वास घ्यावा लागतोय, तर जोरात चाललंय. डॉक्टरही हीच खूण सांगतात, घड्याळं-बिड्याळं काही लागत नाही.

"बोलता येतंय का?"

"येतंय."

"मग गाऊन दाखवा."

"काय?"

"गाणं. कुठलंही. गाता आलं तर तुम्ही फार हळू आहात असं होईल." आणि मग उदारपणे, "पाढा म्हटला तरी चालेल."

इथे माझं चुकलं. बेचा म्हणून मोकळं व्हायचं, तर मला अवदसा आठवली. म्हटलं, या पोराला दाखवूनच देऊ. एकोणतीसचा काढला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक सोळोदरसे...

"काय?"

"सोळो... दरसे."

"ते काय असतं?"

"एकशे सोळा."

"मग एकशे सोळाच म्हणा ना."

"आमच्या वेळी... असंच... म्हणायचे."

तो दहा पावलं गप्प चालला. मग अतिशय हळुवार आवाजात, घरातल्या आजारी माणसाशी बोलावं तसं, म्हणाला, "काकू, थांबू या का जरा?"

नाही थांबले. पण बुटाची लेस सुटली, म्हणून थांबावं लागलं. आणि खरा घोटाळा इथे झाला. त्याच्या हातात तोवर नऊ-दहा कोन झाले होते, एकात एक घातलेले, त्याच्या हनुवटीपर्यंत आलेले. मी बाकावर पाय ठेवून लेस बांधत होते तेव्हा त्यानं ते बाकावर ठेवले, त्यांतला एक घरंगळून बाकाखाली गेला. मी पाहिलं. वाकले असते तर परत सरळ झाले नसते, म्हणून वाकले नाही. "काकू, हे धरता का एक मिनिट? पुढचे उचलतो," म्हणून त्यानं तो मनोरा माझ्या हातात दिला. ते एक मिनिट अजून संपलेलं नाही.

म्हणजे शेवटचा दीड किलोमीटर मी कोन घेऊन पळाले. तो पुढून एकेक आणून वर चढवत होता. सोळा, सतरा, अठरा. मला समोरचं दिसेनासं झालं. समोरून फिरायला आलेल्या एका बाईंनी थांबून विचारलं, "रस्त्याचं काम आहे का?"

या वेळेपर्यंत मला ती प्रसिद्ध तंद्री लागायला हवी होती. पळणाऱ्यांना पळता पळता एक नशा चढते असं सगळे सांगतात. पूर्वी त्याचं श्रेय एंडॉर्फिनला देत. आता संशोधक आनंदामाइडकडे बोट दाखवतात. शरीरातच तयार होणारं हे द्रव्य १९९२ साली शोधलं गेलं आणि शोधणाऱ्यांनी नाव ठेवलं आपल्या 'आनंद' शब्दावरून. शब्द आपला, नाव आपलं, आणि माझ्या वाट्याला काय? कोन. घरच्या कार्यात घरचेच वाढायला उभे, तशी गत.

शेवटची रेष दिसली तेव्हा त्या मुलाला आई दिसली, आणि तो पळाला. तोवर पाच किलोमीटर चालत आलेला मुलगा, तो आता पळाला. रेषेपाशी जाऊन त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं, "झालं! मागे कोणी नाही. फक्त कोन आहेत. काकू आणतायत."

आईनं घड्याळ बंद केलं.

मी रेष ओलांडली तेव्हा दोन माणसं धावत आली. मला वाटलं, शर्यत पूर्ण केल्याचं टोकन देतायत. त्यांनी माझ्या हातातून कोन काढून घेतले आणि म्हणाले, "थँक्यू हं ताई, तुम्ही सकाळपासून आहात का?"

मी सांगितलं. नीट सांगितलं, दोनदा सांगितलं. मनगटावरचं घड्याळ दाखवलं : एक्कावन्न मिनिटं वीस सेकंद. गटाचे जे मुख्य आहेत ते प्रेमळ हसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अहो, वेळ महत्त्वाची नसते."

हे वाक्य मी आजवर निदान पंधरा जणांकडून ऐकलंय. त्यांतला एकही जण तीस मिनिटांवर आलेला नाही. वेळ महत्त्वाची नसते हे बावीस मिनिटांत येऊन, घाम पुसून, फोटो काढून झालेला माणूसच सांगतो. श्रीमंत माणूस पैशाबद्दल असाच बोलतो. हिशेबच करायचा तर माझा हिशेब सरस आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. माझ्या तीन पाच-किलोमीटरांत १५४ होतात. मी भरपाई करतेय आणि हे लोक बावीस मिनिटांत पसार. (जोरात पळणाऱ्यांना ७५ मिनिटं पुरतात असंही तीच संघटना म्हणते. ते मी त्यांना सांगायला जाणार नाही.)

आणि फोटो. गटाचा फोटो निघाला तेव्हा मी दुसऱ्या फेरीत होते. दर वेळी तसंच असतं. चार माणसांत राहा म्हणतात, पण ती चार माणसं आधीच येऊन, घोळका करून, हसून, घरी जायला निघालेली असतात. मी पोचते तेव्हा उरलेलं पाणी झाडाला घालणं चाललेलं असतं. मला माहितेय की कोणी मुद्दाम करत नाही. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. गाडी काढताना एकेक जण काच खाली करून 'मस्त, मस्त!' म्हणून जातो. डॉक्टरांनी सांगितलेलं निम्मं औषध ते हेच असावं, काचेतून मिळणारं.

घरी आल्यावर मला तो इटलीचा डोरांडो पिएत्री आठवला. १९०८ चं लंडन ऑलिंपिक, मॅरेथॉनचं ते ४२.१९५ किलोमीटरचं विचित्र अंतर पहिल्यांदा तिथेच पळाले. हा गडी सगळ्यांच्या पुढे मैदानात शिरला, उलट्या दिशेनं वळला, पुन्हा पुन्हा कोसळला. शेवटी तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला उठवून, आधार देऊन रेषेपार नेलं. मदत घेतली म्हणून तो बाद झाला. जगाला हळहळ वाटली, राणीनं त्याला चांदीचा सोनेरी मुलाम्याचा चषक दिला. ठीक आहे, नियम म्हणजे नियम. पण तो मदत घेतली म्हणून बाद झाला. मी मदत केली म्हणून झाले. आणि चषक सोडा, मला टोकनसुद्धा नाही.

काल संध्याकाळी पुढच्या रविवारची कामांची यादी आली. माझ्या नावापुढे कोन. विचारलं नाही कोणी. सोबत लिहिलंय, 'आपल्या लाडक्या काकू!' माझं वय त्या मुख्यांपेक्षा चार वर्षांनी कमी आहे.

रात्रीपासून गटावर आणखी एक विचारणा चाललीय. चोवीसपैकी तेवीसच कोन परत आलेत, एक कोणी पाहिला का? त्या मुलाला घरी बोलणी बसली असतील, त्याचं मला वाईट वाटतं. पोर गुणी आहे. पण निरोप मी वाचलाय, वाचल्याच्या निळ्या खुणा त्यांनाही दिसत असतील. एक्कावन्न मिनिटं वीस सेकंद. यादीत चढवा, मग सांगते कुठल्या बाकाखाली आहे तो.