गाडी उभी, रेस चालू

गाडी बंद पडली की लोक धावून येतात. धक्का मारतात, पाणी विचारतात, आपापल्या गाड्या कुठे कुठे बंद पडल्या त्याचे किस्से ऐकवतात. गाडी गरजेपेक्षा जास्त चालायला लागली तर मात्र कोणी येत नाही. उलट संशयाने तुमच्या उजव्या पायाकडे बघतात.

माझ्या जुन्या पिकअप ट्रकला हा अतिउत्साहाचा आजार जडला. गाडी पेट्रोलवरची, फ्युएल इंजेक्शनची, ऑटोमॅटिक गिअरची. इंजिन गरम झालं की काटा 700-800 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर, यायला हवा. आमचा 1700 वर ठाण मांडून बसायचा. सिग्नलला शेजारी थांबलेल्या स्कूटरवाल्याला ते आव्हान वाटलं आणि त्यानेही रेस देऊन उत्तर दिलं. हिरवा दिवा लागताच तो सुसाट निघाला. मी फक्त ब्रेक सैल केला होता, तरी त्याच्या मागे लागलो.

सल्ले मिळायला वेळ लागला नाही. पहिला आणि सर्वमान्य सल्ला म्हणजे ‘सेन्सर गेलाय’. कुठला, ते सांगायचं नसतं. मी आपला बिचाऱ्या कूलंट टेंपरेचर सेन्सरवर संशय धरला. तो ‘इंजिन थंड आहे’ असं खोटं सांगत राहिला तर कॉम्प्युटर रेस चढवूनच ठेवणार, हे तर्कशुद्ध होतं. मीटर लावला. थंड असताना दोन-अडीच हजार ओहम, इंजिन गरम झाल्यावर तीनशेच्या आत. निर्दोष सुटका. रेडिएटरमध्ये पाणी कमी असलं तर हा सेन्सर हवेत लटकतो आणि भलतंच सांगतो, म्हणून तेही बघितलं. काठोकाठ भरलेलं.

स्कॅनर लावावा, तर तो जिला जोडतात ती ओबीडी-टू ही गाडीचे दोष सांगणारी यंत्रणा अमेरिकेत सक्तीची झाली 1996 पासून आणि आमची गाडी त्याच्या आधीची. अशा गाडीत वायरचा तुकडा अडकवून चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. मी कागद-पेन्सिल घेऊन मोजलं. निष्कर्ष असा, की सर्व काही क्षेम आहे. बरोबरच होतं म्हणा. फुटलेल्या रबराला वायर नसते. ते तक्रार करणार कोणाकडे?

दुसरा सल्ला स्क्रूवाल्यांचा. ‘थ्रॉटलचा स्क्रू थोडा मागे घे, काटा आपोआप खाली येतो.’ माझ्या मते असल्या माणसांच्या हाती स्क्रूड्रायव्हर देऊच नये. थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप. तो स्क्रू आयडलिंगसाठी, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग ठरवण्यासाठी, नसतोच. थ्रॉटलची पाकळी भिंतीत रुतून बसू नये म्हणून असतो.

खरं तर प्रश्न एकच होता : हवा कुठून येतेय? हवा मिळाल्याशिवाय पेट्रोल इंजिन वेगाने फिरूच शकत नाही. आमच्या गाडीत आत येणारी हवा थेट मोजली जात नाही; मॅनिफोल्डमधल्या (इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यातल्या) दाबावरून कॉम्प्युटर तिचा अंदाज बांधतो आणि तेवढं पेट्रोल मंजूर करतो. अगदी सरकारी कारकुनासारखा : कागद आला, शिक्का मारला, कागद पुढच्या दाराने आला की मागच्या, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ज्या गाड्यांत एअर फ्लो मीटर असतो, तिथे अशी चोरटी हवा हिशेबाबाहेर राहते आणि इंजिन बहुधा अडखळतं. आमच्याकडे चोरट्या हवेलाही रीतसर पेट्रोल मिळत होतं.

मग एकेक दार बंद करायला घेतलं. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला ढील होती, म्हणजे ती काही ओढून धरत नव्हती. उभ्या गाडीत इंजिनाला बेताची हवा देणारा आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह काढला, तर त्याच्या टोकावर काजळीचा थर. तो साफ करून परत बसवला. काटा थोडा उतरला आणि पुन्हा हट्टाला पेटला. चालू इंजिनवर त्या व्हॉल्व्हच्या वाटेचं तोंड अंगठ्याने दाबून धरलं, आवाजही बदलला नाही. म्हणजे हवा इथून येत नव्हती. (काही जण गरम इंजिनवर क्लीनरचा फवारा मारून गळती शोधतात. मला भुवया प्रिय असल्याने तो मार्ग मी सोडून दिला.)

उरल्या व्हॅक्यूमच्या, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर चालणाऱ्या नळ्या. पकडीच्या दातांना फडकं गुंडाळून एकेक नळी चिमटत गेलो. ब्रेकच्या पायाला जोर देणाऱ्या बूस्टरची दाबली, काही नाही. इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढून घेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हची दाबली आणि इंजिनने एकदम आवाज उतरवला. सोडली, पुन्हा भडकलं. दाबली, शांत. मी उगाचच बराच वेळ दाबत-सोडत बसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच गाडी माझं ऐकत होती.

त्या नळीचा कोपरा वरून बघाल तर ठणठणीत. खालून बोट फिरवलं तर तेलाने रबर फुगून लिबलिबीत झालेलं, आणि वळणाच्या आतल्या बाजूला नख शिरेल एवढी लांबट चीर. इंजिन बंद असताना ती मिटून जायची, चालू झालं की हवेच्या ओढीने फाकायची.

नवा कोपरा बसवला. काटा 1000 वर येऊन थांबला. आता हे काय, म्हणून वाकून बघितलं, तर त्या स्क्रूवरचा कंपनीचा रंग खरवडलेला! काजळीने हवा कोंडून कधीतरी ही गाडी बंदही पडत असणार आणि कोणा स्क्रूवाल्याने तेव्हाच तिच्यावर उपचार करून ठेवले होते. पाकळी जेमतेम मोकळी राहील इतका स्क्रू मागे घेतला, पाकळी किती उघडी ते सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास रीडिंग आलं आणि काटा 750 वर स्थिरावला.

फक्त एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. गळतीमुळे त्याला ते पुरेसं मिळत नव्हतं, वर पुढे धावणारी गाडी थोपवायची, म्हणून पायाला ब्रेकवर उभं राहायची सवय लागलेली. आता व्हॅक्यूम भरपूर आणि गाडी गरीब. पहिल्याच वळणाआधी मी नेहमीच्या ताकदीने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली आणि मागची टूलबॉक्स, पकडीसकट, केबिनच्या पाठीवर येऊन आदळली.