डॉक्युमेंटेशन घातलं की मॉडेलला जँगो येतं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. एक-दीड अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे शिकताना बदलणाऱ्या आकड्यांचं) छोटं भाषा-मॉडेल घ्या, जँगोचं (पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कचं) सगळं डॉक्युमेंटेशन घालून फुकटच्या जीपीयूवर एका रात्रीत फाईन-ट्यून करा, म्हणजे तयार मॉडेलला पुढचं शिकवा. लॉस (मॉडेलच्या चुकीचं माप) खाली आला की ते जँगो शिकलं, पुढे इंटरनेटही नको, असं त्यात म्हटलंय. मी टिळकवाडीत वेब डेव्हलपमेंट शिकवतो. माझ्याकडच्या काही पोरांनी हाच विषय फायनल इयरच्या प्रोजेक्टला घेतलाय, म्हणून लिहायला बसलो.

"फुकटच्या जीपीयूवर, एका रात्रीत" हे खरं आहे. पूर्ण मॉडेल ट्यून करायचं तर ॲडम ऑप्टिमायझरच्या (पॅरामीटर कसे बदलायचे ते ठरवणाऱ्या पद्धतीच्या) हिशेबासकट पॅरामीटरमागे साधारण १६ बाइट मेमरी लागते, म्हणजे दीड अब्जाला २४ जीबी. पण २०२१ च्या लोरा पद्धतीत मूळ वेट्स (म्हणजे हेच पॅरामीटर) गोठवून फक्त छोट्या जोड-मॅट्रिक्स शिकवतात, आणि २०२३ च्या क्यूलोरात गोठवलेली वेट्स ४ बिटांत दाबून ठेवतात. गुगलच्या कोलॅबवर मिळणाऱ्या १६ जीबीच्या टी४ जीपीयूवर हे काम होतं.

"डॉक्युमेंटेशन घातलं की जँगो येतं" हे मात्र मला मान्य नाही. नुसती पानं घातली तर मॉडेल तशीच पुढची पानं लिहायला शिकतं. विचारलेल्याला उत्तर देणं हे वेगळं काम. प्रश्नोत्तरांच्या जोड्या करून दिल्या तरी एवढ्याशा ट्यूनिंगने मुख्यतः उत्तर देण्याची ढब बदलते. एखादा तपशील पक्का बसायला तो वेगवेगळ्या अंगांनी पुन्हा पुन्हा समोर यावा लागतो. डॉक्युमेंटेशनमध्ये तो एका कोपऱ्यात एकदा येतो, आणि मॉडेलच्या मूळ प्रशिक्षणात जुन्या आवृत्त्यांच्या ट्युटोरियलचा ढीग असतो.

लॉगआऊटचंच बघा. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या जँगो ५.० पासून तयार लॉगआऊट व्ह्यू गेट रिक्वेस्ट (साध्या लिंकवरून येणारी मागणी) घेत नाही, पोस्टचा फॉर्म लागतो. साधी लिंक दिली की ४०५ एरर. माझी एक विद्यार्थिनी आली, "सर, लॉगआऊट होईना झालंय." त्यांच्या गटाने ट्यून केलेल्या मॉडेलने साधी लिंकच सांगितली होती, आणि तीही थेट डॉक्युमेंटेशनच्या थाटात, ठामपणे. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. चूक तशीच राहिली, वर तिला अधिकाऱ्याचा आवाज आला. दुसऱ्या वर्षाचं पोर असल्या आवाजाला मान देतं आणि आपलंच काहीतरी चुकलंय म्हणून रात्रभर स्वतःचा कोड तपासत बसतं.

२०२४ मधल्या एका संशोधनातही हेच दिसलं: मॉडेलला आधी माहीत नसलेली तथ्यं फाईन-ट्यूनिंगने घातली तर ती सावकाश शिकली जातात, आणि जसजशी शिकली जातात तसतशी मॉडेलची मनाने रचून सांगण्याची खोड वाढते. म्हणून तथ्यं मॉडेलच्या पोटात कोंबू नका. प्रश्न आला की त्या आवृत्तीचं नेमकं पान शोधून त्याच्यापुढे ठेवा. ट्यूनिंग करायचंच तर दिलेल्या पानावरून उत्तर द्यायला, आणि पानात नसेल तर "यात नाही" म्हणायला शिकवा. एवढं छोट्या मॉडेललाही जमतं.

"लॉस खाली आला म्हणजे शिकलं." लॉसवरून पुढच्या टोकनचा (शब्दाच्या तुकड्याचा) अंदाज किती बरोबर येतो एवढंच कळतं. ट्यूनिंगच्या आधीच पन्नासेक प्रश्न बाजूला काढा. उत्तरातला कोड कोऱ्या प्रोजेक्टमध्ये टाकून टेस्ट चालवा. तोच प्रश्न शब्द बदलून ट्रेनिंगमध्ये राहिला असेल तर पेपर फुटला म्हणायचा. आणि ट्यून न केलेल्या मूळ मॉडेलला पान समोर ठेवून तेच प्रश्न विचारा. ही तुलना रिपोर्टमध्ये नसेल तर ट्यूनिंगने काय साधलं ते सांगताच येत नाही. मी परीक्षक असतो तर पहिला प्रश्न हाच विचारला असता.

इंटरनेटशिवाय चालतं, खरंय. पण साधारण आठ महिन्यांनी जँगोची नवी आवृत्ती येते. पानं समोर ठेवण्याची सोय असेल तर फाईल बदलली की झालं. नसेल तर ट्यूनिंग पहिल्यापासून.

मेसेजमध्ये मराठीचा उल्लेखच नाही, आणि आपल्या पोरांची खरी अडचण तिथेच आहे. मराठी माध्यमातून आलेलं पोर "मायग्रेशन मारलं तरी टेबल येईना" असंच विचारतं. देवनागरी वाक्याचे टोकन इंग्रजीपेक्षा बरेच जास्त पडतात, छोट्या मॉडेलचं मराठी मुळातच कच्चं, त्यात नुसत्या इंग्रजी जोड्यांवर ट्यून केलं तर ते आणखी बिघडू शकतं. असे प्रश्न ट्रेनिंगमध्ये हवेत आणि टेस्टमध्येही हवेत. आमच्या वर्गात त्यासाठी एक वही ठेवलीय: पोराने विचारलेला प्रश्न जसाच्या तसा, जँगोची आवृत्ती, आणि शेवटी चाललेला कोड. ज्या गटाला लागेल त्यांनी येऊन उतरवून घ्यावी, आणि जाताना स्वतःचे चार प्रश्न तीत लिहून जावेत.