शाळेत जात नाही म्हणजे हट्टी आहे, असं म्हणू नका

जूनपासून ज्यांनी ज्यांनी मला वाटेत थांबवून विचारलं, "झील शाळेत कित्याक जाणा नाय गो?", त्या सगळ्यांना मुलगा शाळेत का जात नाही ते एकदाच सांगते.

माझा मुलगा आठ वर्षांचा, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. बोलतो अगदी कमी. शाळा सुरू झाली आणि तिसऱ्या दिवसापासून त्याची पाण्याची बाटली सापडेना. एकदा चुलीमागच्या लाकडांत मिळाली, एकदा तांदळाच्या डब्यात. मला वाटलं, खेळतोय. मग उमगलं. बाटली गळ्यात अडकवली की शाळेला निघायचं, हे त्याला पक्कं ठाऊक. बाटली नाही तर शाळा नाही. "नको" म्हणता येत नाही, म्हणून तो बाटली लपवत होता.

आणि मी काय केलं? "दोन फटके दी, बरोबर जातलो. लाड केलंस म्हणान असो झालो," हे ऐकून ऐकून एका सकाळी त्याला उचललं आणि स्कूटीवर बसवून नेलं. फाटकाशी त्याने स्वतःच्याच मनगटाला चावा घेतला. दातांचे वण दोन दिवस गेले नाहीत. त्यानंतर गणवेश दिसला तरी तो पडवीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. जबरदस्तीने एवढंच साधलं.

"गेल्या वर्षी जायचा की!" असंही लोक म्हणतात. बरोबर आहे, जायचा. म्हणून बाईंना विचारून मी एक दिवस वर्गात जाऊन बसले. गेल्या वर्षीचा वर्ग कौलारू खोलीत होता. यंदाच्या खोलीची कौलं 2021 च्या तौक्ते वादळात उडाली, तेव्हापासून वर पत्रे आहेत. साडेअकराला पाऊस कोसळला. देवगडचा जूनमधला पाऊस, तुम्हाला माहीतच आहे. पत्र्यांचा तडतडाट, त्यावर बाईंचा चढलेला आवाज, त्यावर तीस पोरांचे पाढे. अर्ध्या तासात माझं डोकं ठणकायला लागलं. माझ्या मुलाला तर मिक्सर लावला तरी कान दाबून पळावं लागतं. स्वमग्न मुलांपैकी पुष्कळांना आवाज, उजेड, वास, कपड्याचा स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र लागतो. नाटक नसतं ते.

मुख्याध्यापक म्हणाले, "विशेष शाळेत घाला." ती जवळपास कुठे आहे, हे मात्र सांगितलं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या 21 प्रकारच्या दिव्यांगता आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. सरकारी, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता घ्यायचं आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करायची, असं त्यात लिहिलेलं आहे. तीव्र दिव्यांगता असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याची वाटही शिक्षण हक्क कायद्यात आहे, आणि काही मुलांना तीच मानवते. पण ती आईबापांनी निवडायची. शाळेने हात झटकायला नाही.

वर्गशिक्षिका मात्र मनापासून बाजूने उभ्या राहिल्या. आधी पंधरा दिवस आम्ही संध्याकाळी पाचनंतर रिकाम्या शाळेत जायचो, नुसते बसायचो. मग सकाळची घंटा होऊन गेल्यावर, एक तास. मग दोन. दिवसभरात काय काय होणार, याची चित्रं एका पुठ्ठ्यावर चिकटवून दिली. झालेल्या कामाचं चित्र तो स्वतः पुठ्ठ्यावरून काढून खिशात ठेवतो. आवाज अडवणारे हेडफोन कानावर असतात. पोरं आधी बघायची, आता बघत नाहीत.

फटके द्यायला सांगणाऱ्यांनो, मुलाला रोज कुठे दुखतंय हे तुम्हाला कळत असतं तर असं बोलला असतात का? त्याच्या अंगात ताप असता तर?

सगळं सुरळीत झालंय असं नाही. काल पहाटेपासून धो धो पाऊस होता, तो घरीच राहिला. बाई संध्याकाळी वही देऊन गेल्या. मी काही म्हटलं नाही, कोणी म्हणूही नये.

सोमवारी शाळा व्यवस्थापन समितीची सभा आहे. तीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, म्हणजे तुम्हीआम्हीच. पत्र्यांखाली आतून छत लावायचा विषय मी लिहून दिलाय. वाडीतल्या पालकांनी कृपया यावं.