धोतऱ्याच्या पानांचा काढा हा दम्यावरचा उपाय नाही

पांढऱ्या, कर्ण्याच्या आकाराच्या मोठ्या फुलाचे छायाचित्र असलेला एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. हे राजस्थानच्या वाळवंटातील दुर्मीळ फूल असून ते बारा वर्षांतून एकदा उमलते, सुवासिक असल्यामुळे बिनविषारी आहे आणि त्याच्या चार पानांचा काढा घेतल्यास दमा कायमचा जातो, असे त्यात म्हटले आहे. एरंडोलच्या माझ्या मावशींना दमा आहे आणि त्यांनी शेताच्या बांधावरून तशीच पाने तोडून आणली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

फुलाच्या कडेची फिकट जांभळी झाक, पाच लांब टोके आणि वाळूवर पसरलेले राखाडी-हिरवे झुडूप पाहता हा अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील आणि उत्तर मेक्सिकोतील वाळवंटी धोतरा, म्हणजे डाटुरा राइटाय, आहे. तो दरवर्षी फुलतो. एकेक फूल संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात कोमेजते. सुवास खरा आहे, पण तो रात्री उडणाऱ्या पतंगांना आकर्षित करतो. वासावरून विषाची पारख होत नाही.

खरा धोका काढ्यात आहे. आपण महादेवाला वाहतो तो धोतरा याच डाटुरा गटातला असून दोन्हींच्या मुळापासून बियांपर्यंत ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही विषारी द्रव्ये असतात. उकळल्याने ही द्रव्ये नष्ट होत नाहीत, उलट पाण्यात उतरतात. शिवाय त्यांचे प्रमाण झाडागणिक बदलत असल्यामुळे ‘चार पाने’ या मापाला काहीही अर्थ नाही. घशाला कोरड, विस्फारलेल्या बाहुल्या, भ्रम आणि बोटांच्या टोकांतून नसलेले धागे ओढत राहणे ही धोतऱ्याच्या विषबाधेची लक्षणे जयसिंग मोदी यांच्या न्यायवैद्यक व विषशास्त्रावरील ग्रंथात आहेत, आणि डॉक्टरांच्या पिढ्या तो अभ्यासत आल्या आहेत. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वृद्धांना तर थोडी मात्राही घातक ठरू शकते.

धोतऱ्याच्या पानांचा धूर दम्यावर पूर्वी वापरला जात असे, एवढे मात्र मान्य करावे लागेल. ॲट्रोपिनपासून तयार केलेले इप्राट्रोपियम आजही इनहेलरमधून देतात. परंतु ते मोजलेल्या मात्रेत थेट श्वासनलिकेत जाते आणि रक्तात फारच थोडे उतरते. काढ्याचे तसे होत नाही.

कोणी तो प्यायला असेल, तर घरी उलटी करवण्यात वेळ न घालवता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि झाडाची फांदीही डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत घ्यावी.