एक ओळ टाका न् सगळं चालतं, म्हणे!

ठाणे-नवी मुंबईच्या आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर परत तोच मेसेज फिरतोय. फ्रीरेडियसला (वायफाय-व्हीपीएनच्या लॉगिनचे पासवर्ड तपासणारा सर्व्हर) लिनक्सचेच युजर-पासवर्ड वापरायचेत ना, मग युजर्स फाइलीत 'डिफॉल्ट ऑथ-टाइप सिस्टीम' टाका, सर्व्हर रूटने (सगळे अधिकार असलेल्या युजरने) चालवा, वायफाय व्हीपीएन सगळं चालतं.

पहिली गोष्ट, ती ओळ व्हर्जन १ च्या जमान्यातली. आता कॉन्फिगमधल्या ऑथराइझ सेक्शनमध्ये युनिक्स मॉड्यूल लावायचं (कॉमेंटमध्ये असेल तर कॉमेंट काढा), ते शॅडो फाइलीतला (लिनक्सची पासवर्डची फाइल) हॅश, म्हणजे पासवर्डचं उलट न फिरवता येणारं रूप, उचलून देतं आणि जुळवून बघायचं काम पॅप मॉड्यूल करतं (पॅप म्हणजे पासवर्ड सर्व्हरकडे अख्खा पोचवायची साधी पद्धत). ऑथ-टाइप (तपासणी कुठल्या पद्धतीने करायची ते) आपण हाताने लादायचाच नाही, नाहीतर वायफायची ईएपी (वायफाय लॉगिनची पद्धत) रिक्वेस्टपण चुकीच्या दारात जाते.

रूटची तर अजिबात गरज नाही. डेबियन-उबुंटूवर सर्व्हर फ्रीरॅड युजरने चालतो, त्याला शॅडो ग्रुपमध्ये घाला, रीस्टार्ट मारा, झालं.

आता ते 'सगळं चालतं'. नाही चालत! शॅडोमध्ये पासवर्ड नसतोच, हॅश असतो, आणि चॅपला (यात पासवर्ड न पाठवता तो माहीत असल्याचं पटवायचं) लागतो मूळ पासवर्ड, एमएसचॅपला (मायक्रोसॉफ्टचं चॅप) मूळ पासवर्ड नाहीतर एनटी हॅश (विंडोजच्या पद्धतीचा), म्हणजे वाटलेल्या चटणीतून अख्खं खोबरं परत मागायचं. वागळे इस्टेटच्या एका ऑफिसात मी स्वतः यात अख्खी संध्याकाळ घालवलीय, लोक पीईएपीवर (वायफायची ईएपी, आत एमएसचॅपच), मी बसलोय एकेकाचा पासवर्ड रीसेट करत, शेवटी मागे चालणारा सर्व्हर बंद करून डॅश मोठा एक्स (सगळं स्क्रीनवर दाखवणारा डीबग मोड) लावून चालवला तर तिसऱ्या मिनिटाला समोर 'नो एनटी-पासवर्ड'. आधीच बघायला हवं होतं, पण ठीके. चालतं ते फक्त पॅप. साध्या व्हीपीएन लॉगिनला तेवढं पुरतं, तिथे मेसेज बरोबर आहे.

यावर कोणीतरी म्हणणारच की पॅप म्हणजे पासवर्ड उघड्यावर. तसंही नाही, रेडियस पॅकेटमध्ये तो शेअर्ड सीक्रेट (राउटर आणि सर्व्हरचा सामायिक गुप्त शब्द) आणि एमडी५ (एक जुनी हॅश पद्धत) ने झाकलेला असतो, पण हे पांघरूण विरलेलं आहे हे खरं, २०२४ मध्ये ब्लास्ट-रेडियस हा हल्ला उघड झाला, तेव्हापासून मेसेज-ऑथेंटिकेटर (पॅकेटमध्ये फेरफार झालाय का ते ओळखणारी खूण) सक्तीचा ठेवा. वायफायला टीटीएलएस (ईएपीचाच एक प्रकार) घ्या, पॅप त्याच्या टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्टेड, बोगद्याच्या आतून जातं. अँड्रॉइडवर टीटीएलएस, फेज २ पॅप निवडा आणि सर्टिफिकेट तपासणी चालू ठेवा, आयफोनला प्रोफाइल बनवून द्यावी लागते.

आणि हो, युजरला नोलॉगिन शेल (मशीनवर लॉगिन करू न देणारं) दिलं असेल आणि ते ईटीसीमधल्या शेल्स फाइलीत (मान्य शेलांची यादी) नसेल तर पासवर्ड बरोबर असूनही युनिक्स मॉड्यूल त्याला हाकलतं, आधी ते बघा, मग राउटरला शिव्या घाला.