स्टिकिट मिनिस्टर म्हणजे नापास पाद्री नव्हे

तुमच्या स्कॉटिश शब्दांच्या यादीच्या लेखात ‘स्टिकिट मिनिस्टर’ म्हणजे ‘नापास झालेला पाद्री’ असं दिलंय. हा त्या माणसांवर अन्याय आहे. धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा करून, प्रवचनाचा रीतसर परवाना मिळवूनही ज्याला स्वतःचं पॅरिश, म्हणजे सांभाळायला एखादं चर्च आणि त्याचा परिसर, कधी लाभलं नाही, तो स्टिकिट. काही जण पुलपिटवर, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावर, अडखळले, हे खरं. पण १७१२च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये पाद्री नेमायचा हक्क बहुतेक जमीनदारांच्या हाती गेला होता. वशिला नसेल तर चांगला विद्वानही गावच्या शाळेत पोरांना लॅटिन शिकवत म्हातारा व्हायचा.

१७३३चे ‘सिसीडर’, म्हणजे स्कॉटलंडच्या चर्चमधून वेगळे झालेले लोक, याच प्रश्नावरून फुटले. १८४३ मध्ये तर चारशेहून जास्त पाद्री घर आणि पगार सोडून त्या चर्चमधून बाहेर पडले आणि त्यांचं वेगळं ‘फ्री चर्च’ उभं राहिलं. लेखात त्याचा उल्लेखही नसावा? मी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजची विद्यार्थिनी. ज्यांचं नाव कॉलेजला आहे, ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये याच फ्री चर्चतर्फे नागपुरात आले. म्हणून सांगते, हे शब्द नुसती गंमत म्हणून यादीत टाकू नका. पाद्री जमीनदाराने नेमायचा की मंडळीने निवडायचा, यावर स्कॉटलंडमध्ये दीडशे वर्षं भांडण चाललं होतं.